व्यक्ती तीन

"एसीची जाळी गेली, मॅडम," स्टुलावरून खाली उतरत टेक्निशियन म्हणाला.

"गेली म्हणजे?" हेमांगी घरतचा आवाज चढला. "दिवाळीत नवी बसवलीय. आता कुठे चैत्र लागतोय. वर्षभर टिकते असं तुमच्याच माणसाने सांगितलं होतं."

"टिकते ना. जालन्याला टिकते, धुळ्याला तर दीड वर्ष जाते. हे उरण आहे. खारी हवा, त्यात दमट." त्याने हातातली जाळी तिच्यासमोर धरली. नवी असताना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सुबक, फिकट निळी दिसणारी ती जाळी आता पांढऱ्या चट्ट्यांनी भरली होती. बोट लागलं की भुगा झडत होता.

"मग उरणला विकता कशाला?"

त्याने अवजारं पिशवीत भरली. "तुमच्या घरचा बाष्पभार पण जास्त आहे, मॅडम, हवेत वाफ फार. मशीनचा भिंतीवरचा पडदा बघत चला. कोणामुळे जाळी झिजते ते सगळं त्यात येतं."

तो लिफ्टमध्ये शिरायच्या आत नव्या जाळीचे पैसे हेमांगीच्या खात्यातून वळते झालेसुद्धा. तिने दार आपटलं. मग आईला वाटेल आपल्यावरच रागावली, म्हणून ते पुन्हा उघडून हळू लावलं.

जुन्या एसीचा कारभार सरळ होता. तो हवा इतकी गार करायचा की तिच्यातलं पाणी थेंब होऊन गळायचं. त्यात वीज मात्र बेसुमार जायची. उन्हाळे वाढत गेले, घरोघरी एसी आले, आणि ऐन दुपारी तालुकेच्या तालुके विजेविना राहू लागले. तेव्हा सुका एसी आला. त्याची जाळी एका स्फटिकाच्या भुकटीने मढवलेली असते. त्या भुकटीच्या कणाकणात अतिसूक्ष्म छिद्रं असतात आणि पाण्याचे रेणू त्यांत जाऊन चिकटून बसतात. दमट हवा जाळीतून गेली की पाणी मागे राहतं, कोरडी हवा घरात येते. छिद्रं भरली की जाळीला थोडी ऊब द्यायची. चहा निववून पितो तेवढी पुरते. पाणी वाफ होऊन बाहेरच्या नळीतून निघून जातं आणि जाळी पुन्हा प्यायला मोकळी. कोरडी झालेली हवा थोडीशी गार केली तरी भागतं, कारण माणसाचा घाम सुकतो.

घाम सुकणं हाच सगळ्याचा गाभा. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की तो जे दाखवतो ते ओलं तापमान. घामाने अंग निवून निवून तेवढंच निवू शकतं. हवा कोरडी असेल तर फडकं झरझर सुकतं आणि ओलं तापमान खाली राहतं. हवाच पाण्याने भरलेली असेल तर फडकं सुकत नाही, अंगही सुकत नाही. ओलं तापमान पस्तिशीजवळ गेलं तर सावलीत पंख्याखाली स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. म्हाताऱ्यांना तर त्याच्या कितीतरी आधीच त्रास होतो. पूर्वी हे फक्त हवामानखात्याच्या लोकांना ठाऊक असायचं. आता मासळीबाजारातल्या बायका टोपली उतरवता उतरवता एकमेकींना विचारत, "आज ओलं किती गो?"

सुक्या एसीने वीज वाचवली, माणसं वाचवली. खोड एकच होती. जाळी जितकं पाणी पिते तितकी झिजते, आणि खारी हवा तिची छिद्रं बुजवते. ती बदलायची कंपनीनेच, कंपनीच्या भावाने. बाहेरची जाळी घातली तर यंत्र चालूच होत नसे. गिऱ्हाइकांची ओरड वाढली तेव्हा कंपनीने एक सोय दिली. घरात कोण कधी असतं, कोण किती श्वास सोडतं, स्वयंपाकघरात किती वाफ होते, हे यंत्र टिपायचं आणि झिजेची वाटणी करून भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचं. पडद्यावर माणसांची छोटी चित्रं असत. ज्या व्यक्तीची झीज कमी ती हिरवी, जिची जास्त ती नारिंगी. "आपली झीज ओळखा, आपला खर्च वाचवा," असं खाली लिहिलेलं असे.

घरतांच्या पडद्यावर व्यक्ती एक म्हणजे हेमांगीचा नवरा जितेश. तो बंदराजवळच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. व्यक्ती दोन हेमांगी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तलघवी तपासणारी. दोघं सकाळी बाहेर पडत ते संध्याकाळी परतत. दोघंही हिरवी.

व्यक्ती तीन नारिंगी होती. ती हेमांगीची आई, कुंदाबाई.

कुंदाबाई संक्रांतीनंतर राहायला आल्या त्या लेकीच्या हट्टापायी. पेणजवळच्या मोठीखार गावात त्या एकट्याच असत. मागच्या वैशाखात त्यांच्या आळीतली दोन म्हातारी माणसं दमट लाटेत गेली, तेव्हापासून हेमांगीच्या जिवाला घोर लागला होता. "माझ्या घरी सुका एसी आहे, आई. तू तिथे राहायचं नाहीस," तिने बजावलं होतं. कुंदाबाई एक पिशवी कपडे आणि पापड लाटायचं पोळपाट-लाटणं घेऊन आल्या.

पोह्याचे पापड ही त्यांची जन्माची कला. गावातल्या बायका त्यांना पिठाला हात लावायला बोलवत, कारण कुंदाबाईंनी मळलेलं पीठ चिरत नसे. पण गेली काही वर्षं पापड वाळतच नव्हते. ऊन कडक, पण हवेत पाणी. दोन दिवसांनी पापडावर बुरशीचे ठिपके यायचे. लेकीच्या घरात आल्यावर एका दुपारी त्यांनी सहज चार पापड ताटात पसरून ठेवले. संध्याकाळपर्यंत ते खडखडीत वाजत होते.

"हेमा, बघ गो!" लेक दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच त्यांनी ताट पुढे केलं. "ऊन नाय, काय नाय. सावलीत सुकले! तुझ्या मशीनने माझं अर्धं म्हातारपण काढून घेतलं, बाय."

हेमांगीने बऱ्याच दिवसांनी आईला असं हसताना पाहिलं. मग पापडांच्या चळती उभ्या राहिल्या. शेजारपाजारी वाटून झाले, लॅबमधल्या मुलींनी मागवले. दिवाणखान्यात चादरीवर पापड, पलंगावर पापड. जितेश यार्डातून आला की उड्या मारत सोफ्यापर्यंत जायचा आणि म्हणायचा, "आई, एखाद दिवशी मलाच तळाल चुकून."

नवी जाळी बसवून टेक्निशियन गेला त्या संध्याकाळी मात्र तो हसला नाही. पडद्यासमोर उभा राहून त्याने बोटाने व्यक्ती तीनचं चित्र दाबलं. 'एकूण झिजेपैकी निम्म्याहून अधिक' असं लिहून आलं.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला.

"पापडांमुळे असेल," हेमांगी म्हणाली.

"मग सांग त्यांना."

"तू सांग."

"तुझी आई आहे ती. मी सांगितलं तर जावयाने सांगितलं असं होईल."

शेवटी हेमांगीने सांगितलं. आईला यंत्र कसं चालतं तेही समजावलं. ओल्या पापडातलं पाणी हवेत जातं, हवेतून जाळीत जातं, जाळी झिजते. कुंदाबाईंनी नीट ऐकून घेतलं. "आधी सांगायचं नाय का बाय," एवढंच म्हणाल्या आणि लाटणं धुऊन, पुसून, जुन्या पातळात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

पापड थांबले. व्यक्ती तीन नारिंगीच राहिली.

मग जे सुरू झालं ते कोणी ठरवून केलं नव्हतं. हेमांगीने आईला वरणभात कुकरमध्येच लाव, पातेल्यात शिजवत बसू नकोस म्हणून सांगितलं. जितेशने आईंचं पातळ घरात वाळत घालण्यापेक्षा गच्चीवर घातलं तर बरं, असं सुचवलं. कुंदाबाई गुडघे धरून गच्चीवर जाऊ लागल्या. दुपारी बाल्कनीचं दार उघडून उभं राहायची त्यांची सवय गेली, कारण दार उघडलं की पडद्यावर लाल बाण यायचा. समोरची बाई गप्पा मारायला आली तेव्हा त्यांनी तिला दारातच उभं केलं. त्या बाईनेही वाईट वाटून घेतलं नाही. इमारतीत हल्ली कोणीच कोणाकडे बसायला जात नसे. चार माणसं तासभर बसली की त्यांचा श्वास यजमानाच्या जाळीला भरावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इतकं करूनही झीज तसूभर कमी होईना. हेमांगी चिडत होती ती कंपनीवर, टेक्निशियनवर, खाऱ्या वाऱ्यावर. पण कंपनीचा फोन लागत नव्हता आणि वाऱ्याला बोलता येत नव्हतं. समोर असायची ती आई.

एका सकाळी कुंदाबाई गॅसजवळ आल्याचा काढा उकळत उभ्या होत्या. वाफेने खिडकीची काच धुरकट झाली होती. लॅबला उशीर झालेली हेमांगी डबा घ्यायला आत आली, तिने काच पाहिली आणि फाडकन म्हणाली, "आई, तुला किती वेळा सांगायचं? तू नुसती स्वस्थ का नाही बसत?"

कुंदाबाईंनी गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं. "बसते," त्या म्हणाल्या.

पुढच्याच सोमवारी त्यांनी पिशवी भरली. "घराला कुलूप लावून किती दिवस झाले. कौलं बघायला हवीत. आठ दिवस राहून येते."

"उन्हाळा आहे, आई."

"सकाळची गार वेळ असते. तू काळजी करू नकोस."

हेमांगीने फार आग्रह केला नाही. रिक्षा वळणाआड गेली तेव्हा तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबद्दल दिवसभर काही गोड लागलं नाही. घरी आल्यावर तिने मुद्दामच पडद्याकडे पाहिलं नाही.

दमट लाट गुरुवारी आली. अंदाज शनिवारचा होता. दुपारी फोनवर ओल्या तापमानाचा इशारा वाजू लागला, आणि पाठोपाठ पेण तालुक्यात वीज गेल्याची बातमी आली. हेमांगीने आईला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग लॅबचा पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून ती जितेशच्या यार्डाच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. तो हेल्मेट हातात घेऊन धावत आला. तिचा चेहरा पाहून त्याने हेल्मेट चौकीदाराकडे दिलं. गाडी काढली.

रस्त्यात असतानाच मोठीखारहून शेजारणीचा फोन आला. कुंदाबाई ओट्यावर पडलेल्या सापडल्या होत्या. अंग भट्टीसारखं तापलेलं, तोंडाने काहीतरी असंबद्ध बडबडणं. पोरांनी विहिरीचं पाणी ओतत ओतत त्यांना टेम्पोतून पेणच्या दवाखान्यात नेलं होतं.

त्या वाचल्या. तरुण डॉक्टरीणबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "वेळेवर आणलं म्हणून. पण मूत्रपिंडांना मार बसलाय. हळूहळू सुधारेल, पूर्ववत होईलच असं सांगता येणार नाही. यापुढे दमट हवेत एक दिवससुद्धा ठेवू नका. घरी सुका एसी आहे ना?"

"आहे," जितेश म्हणाला.

"मग या गावात काय करत होत्या?"

हेमांगीने आईच्या अंगावरची चादर सारखी केली.

ते दवाखान्यातच राहिले. आळीपाळीने खुर्चीत झोपत, बाहेरून वडापाव आणून खात. उरणचं घर कुलूपबंद होतं. यंत्र मंद गतीवर चालू ठेवावंच लागे. बंद केलं तर जाळीला बुरशी येते आणि मग हमी रद्द होते. रविवारी सकाळी हेमांगी आईच्या उशाशी बसली होती. कुंदाबाई झोपलेल्या, हातात सलाईनची सुई. हेमांगीचा फोन थरथरला. कंपनीचा साप्ताहिक निरोप होता.

'नमस्कार. या आठवड्यात आपल्या घरातील व्यक्ती तीनमुळे जाळीची झीज अपेक्षेपेक्षा जास्त झाली आहे. कृपया व्यक्ती तीनला सवयी बदलण्यास सांगा.'

तिने तो दोनदा वाचला. आईकडे पाहिलं. मग व्हरांड्यात जाऊन जितेशच्या हातात फोन दिला.

"जुना असेल," तो म्हणाला.

"तारीख बघ."

त्याने तारीख पाहिली. "पण घरात कोणीच नाहीये."

"हो ना. कोणीच नाहीये, आणि आई तिथे श्वास घेतेय." तिचा आवाज इतका मोठा झाला की नर्सने दारातून डोकावलं.

कंपनीचा फोन त्या दिवशी तासभर वाट पाहिल्यावर लागला. पलीकडची मुलगी नम्र होती. "मॅडम, ज्या बाष्पाचा स्रोत मशीनला थेट कळत नाही, ते उरलेलं बाष्प घरात सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या व्यक्तीच्या खात्यावर जातं. तो अंदाज असतो."

"अंदाज असतो असं पडद्यावर कुठे लिहिलंय?"

"अटींमध्ये आहे, मॅडम."

"आणि ती व्यक्ती सोमवारपासून घरात नसली तर?"

कीबोर्डचा आवाज आला. "अशा वेळी त्या व्यक्तीच्या कपड्यांतून, अंथरुणातून..."

"दोन पातळं!" हेमांगी ओरडली. "माझ्या आईची दोन पातळं आहेत त्या घरात! त्यांतून असं किती पाणी निघणार? समुद्र बांधून ठेवलाय का मी कपाटात?"

"तक्रार नोंदवून घेतली आहे, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?"

फोन ठेवल्यावर हेमांगी व्हरांड्याच्या पायरीवर बसली. लॅबमध्ये एखाद्या अनोळखी माणसाचा आकडा विचित्र आला की ती कधी रिपोर्ट सोडत नसे. आधी यंत्र तपासायची, मग नमुना पुन्हा घ्यायची. परवाच एका ट्रकड्रायव्हरचं पोटॅशियम तिने दोनदा तपासलं होतं. आईच्या बाबतीत तिने आकडा वाचला आणि रिपोर्ट देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कपडे आणायला उरणला गेली. घर नीटनेटकं, कोरडं, निर्जीव होतं. व्यक्ती तीन पडद्यावर नारिंगी चमकत होती. हेमांगीने पिशवी खाली ठेवली आणि यंत्राची नळी कुठून कुठे जाते ते शोधत न्हाणीघरापर्यंत आली. तिथल्या छोट्या खिडकीपलीकडे इमारतीचा डक्ट होता. पाइप जायला ठेवलेली, चारी बाजूंनी बंद, विहिरीसारखी अरुंद पोकळी. खिडकी उघडताच इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ तिच्या तोंडावर आली. चष्मा पांढरा झाला.

पुसून तिने पुन्हा पाहिलं. खालच्या मजल्यापासून वरच्यापर्यंत प्रत्येक घराच्या दोन नळ्या डक्टमध्ये उघडत होत्या. एकीतून जाळीची वाफ बाहेर पडत होती. तिच्या वितभर वर दुसरी, ताजी हवा आत ओढणारी. एखादं यंत्र बसवलं असतं तर चाललंही असतं. पण आता सगळ्या घरांत यंत्रं होती. पहिल्या मजल्याने टाकलेलं पाणी दुसरा ओढत होता, दुसऱ्याने टाकलेलं तिसरा. तीच वाफ माडीमाडीने वर चढत होती आणि तिच्यापायी प्रत्येक घर आपली जाळी झिजवत होतं. घरतांचं घर सहाव्या मजल्यावर होतं. खालच्या पाच मजल्यांचा दमटपणा ते विकत घेत होते.

हेमांगीने नमुना पुन्हा घेतला. आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर दुधाची पिशवी कापून चिकटपट्टीने घट्ट बसवली. हवेसाठी समोरच्या बाल्कनीचं दार बोटभर उघडं ठेवलं. लाल बाण आला, येऊ दिला. मग ती दिवाणखान्यात जमिनीवर बसून राहिली. उन्हं कलेपर्यंत झिजेचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. बाहेरची तीच खारी, दमट हवा दारातून येत होती, तरीही.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिने चिकटपट्टीचं रीळ उचलून भिंतीवर फेकलं.

सोसायटीची सभा पुढच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. सेक्रेटरी सुर्वेकाका निवृत्त बँक मॅनेजर होते आणि प्रत्येक गोष्टीला हरकत घेणं हे आपलं कर्तव्य मानत. डक्टमधल्या सगळ्या नळ्या एका मोठ्या पाइपात घेऊन वाफ गच्चीवर उंच सोडायची, असा हेमांगीचा प्रस्ताव होता.

"याला प्रत्येक घरामागे वर्गणी पडेल," सुर्वेकाका म्हणाले. "आणि कशावरून फरक पडेल? तुमच्या घरचा बाष्पभार पहिल्यापासूनच जास्त आहे, असं ऐकून आहे."

"कोणाकडून ऐकलंत?"

"इमारतीत कळतंच की." ते जरा चाचरले. "कंपनी सांगते ना कोणामुळे झीज होते ते. ज्याच्यामुळे होते त्याने सुधारावं. सगळ्यांनी का भरायचं?"

जितेश उठू लागला, पण हेमांगीने त्याचा हात दाबून त्याला बसवलं.

"काका, मला एवढंच सांगा. तुमच्या पडद्यावर नारिंगी कोण आहे?"

सुर्वेकाकांनी समोरचा कागद उचलला. "तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे."

"बरं. मी माझ्या घरचं सांगते. आमच्याकडे माझी आई आहे. मी तिला आल्याचा काढा उकळू दिला नाही. ती पेणच्या दवाखान्यात आहे. ती घरात नसतानाही मशीन तिचंच नाव सांगतंय." ती बाकीच्यांकडे वळली. "तुमच्याकडे कोण आहे?"

सातव्या मजल्यावरच्या नाझनीन शेख मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होत्या.

"आमच्याकडे रंजना," त्या अखेर म्हणाल्या. "दिवसभर बाळाला सांभाळायची. मी तिला काढून टाकलं. म्हटलं, तू जास्त भांडी घासतेस, जास्त पाणी वापरतेस. अकरा महिन्यांच्या पोराला तिच्याशिवाय झोप येत नव्हती." त्यांनी डोळे पुसले. "ती गेल्यावर बाळ नारिंगी झालं."

मागच्या बाकावरून पहिल्या मजल्यावरचे टेमकर म्हणाले, "माझे वडील दिवसभर इथे खाली वॉचमनच्या खुर्चीत बसतात. सगळे बघताय तुम्ही. त्यांना आवडतं म्हणून बसतात, असं मी सांगत आलो."

एका नव्या लग्नाच्या मुलाने सांगितलं की त्याच्या बायकोला डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली होती. घरात कटकट नको म्हणून ती पाचव्या महिन्यातच माहेरी निघून गेली. "चोर सोडून संन्याशाला फाशी," कोणीतरी पुटपुटलं. त्यावर कोणी हसलं नाही. जो तो मनातल्या मनात आपलं घर तपासत होता. जे घराबाहेर जाऊ शकत नव्हते ते म्हातारे, आजारी, बाळंतिणी आणि तान्ही मुलं. प्रत्येक पडद्यावर नारिंगी तेच होते.

सुर्वेकाका बराच वेळ समोरच्या कागदाची घडी घालत आणि उलगडत होते. "आमच्याकडे मंदार आहे," ते म्हणाले. त्यांचा मुलगा अपघातानंतर अंथरुणाला खिळला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. "तो कुठे जाणार? म्हणून आम्ही त्याच्या खोलीतला हवेचा झोत अर्ध्यावर ठेवतो. तो म्हणतो, बाबा, मला चालतं." त्यांनी चष्मा काढला. "तो गेल्या उन्हाळ्यापासून म्हणतोय, मला चालतं."

पुढे हरकत कोणी घेतली नाही. पण काम लगेच झालं असंही नाही. पाइपवाल्याने दोनदा तारीख चुकवली. कंपनीने आधी हमी रद्द करायची धमकी दिली. मग हेमांगीने आठही मजल्यांच्या सह्यांनिशी ग्राहक न्यायालयात जायची भाषा केली तेव्हा 'सहकार्य म्हणून' परवानगी दिली. गच्चीवर पाइप उभा राहिला आणि पहिल्यांदा त्यातून वाफ निघाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या महिन्यात सगळ्या घरांची झीज निम्म्यावर आली. कंपनीने चूक कधीच मान्य केली नाही. एका सकाळी पडद्यावरची माणसं गेली आणि त्यांच्या जागी कौलारू घराचं हिरवं चित्र आलं. खाली लिहिलं होतं, 'आता अधिक सोपं!' जितेशने पडदा भिंतीवरून उपटून काढला. त्याच्या मागच्या भोकात दिवसभर तारा लोंबत राहिल्या.

मूत्रपिंडांचे उपचार संपल्यावर ज्येष्ठात कुंदाबाईंना घरी आणलं. बऱ्याच वाळल्या होत्या. जितेशने त्यांना हाताला धरून गाडीतून उतरवलं आणि लिफ्टमध्येच म्हणाला, "आई, चूक तुमची नव्हतीच. डक्टची होती. मी... आम्ही दोघांनी तुम्हाला उगाच..."

"असू दे हो, जावईबापू," कुंदाबाई म्हणाल्या. "तुम्हाला तरी काय ठाऊक."

हेमांगीने त्यांना पाइपाची सगळी हकिकत सांगितली. कागदावर इमारत काढून, बाण काढून दाखवले. आईने पूर्वीसारखंच नीट ऐकलं, मान डोलावली. "म्हणजे खालचं वर यायचं," त्या म्हणाल्या. त्यांना सगळं समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी हेमांगीने रजा घेतली. सकाळी ती कांदा चिरत असताना कुंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात टॉवेल आणि धुतलेलं पातळ.

"हेमा, आंघोळ करू का गो?"

हेमांगीच्या हातातली सुरी थांबली. "विचारतेस काय, आई? कर ना. गीझर लावलाय. हवं तेवढं पाणी घे."

"बरं."

न्हाणीघराचं दार लागलं. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, पण तो लगेच थांबला. मग तांब्याचा एक आवाज. थोड्या वेळाने दुसरा, जपून ओतल्यासारखा. मग काहीच नाही.

हेमांगी हात पुसत दाराशी गेली. "आई, अजून घे. खूप आहे पाणी."

"झाली माझी," आतून आवाज आला.

"एवढ्यात कशी झाली? आई, ऐक ना. आता काही होत नाही. कोणाला काही होत नाही."

आत टॉवेलाने अंग पुसल्याची सळसळ होत होती. हेमांगी दारावर तळहात टेकवून उभी राहिली. "आई, घे ना गं," ती पुन्हा म्हणाली.

"झाली, बाय," कुंदाबाई म्हणाल्या. "मला एवढी पुरते."